राहून गेलेला तिसरा दिवस

कपाटातून बोलतोय मी. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या एका छोट्या आरोग्य केंद्राचं लोखंडी कपाट, वरून दुसरी फळी. डावीकडे लसीकरणाची जुनी कार्डं, उजवीकडे टॉर्चचे संपलेले सेल. ते कोण कशासाठी जपून ठेवतं देव जाणे. मधे मी. टॅब नंबर सतरा. पाठीवर पांढऱ्या रंगानं आकडा लिहिलाय, तेवढीच माझी ओळख.

वय दोन वर्षं. शिक्षण दीड दिवस. शाळा मी सोडली नाही, शाळेनंच मला अर्ध्यावर सोडलं. त्यामुळे माझी भाषा जरा कडू लागेल. लागू द्या. मोठ्यांशी गोड बोलणारे या इमारतीत पुष्कळ आहेत आणि त्याचा काय उपयोग झाला ते सांगायलाच मी तोंड उघडलंय.

कारखाना मला आठवत नाही. डोळे उघडले ते नवा रायपुरातल्या एका संस्थेच्या थंडगार सभागृहात. आम्ही चाळीस टॅब, आमच्यासमोर चाळीस माणसं. तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. केंद्रातल्या आजारांचे आकडे दर शनिवारी आमच्यात भरायचे, ते वर जायचे, आणि एखाद्या गल्लीत काही बिघडलं तर वरच्यांना लगेच कळायचं, एवढी साधी गोष्ट. त्यासाठीच मी जन्मलो म्हणे.

त्या चाळिसांत पन्नाशीच्या आतलं कुणी नव्हतं. पत्रात लिहिलं होतं, सर्वांत वरिष्ठ कर्मचाऱ्याला पाठवा. ज्यांना हे काम अजून तीस वर्षं करायचंय ते मागे राहून सुया टोचत होते, आणि ज्यांची निवृत्ती दाराशी येऊन उभी होती ते शिकायला आले होते. शिकायला म्हणजे बसायला. पहिल्या तासात निम्म्यांनी मला उलटं धरलं होतं.

मला ज्यांच्या हाती दिलं ते रत्नाकरकाका. केंद्राचे सुपरवायझर, साठी ओलांडलेले, शेजारच्याच मोहल्ल्यात, बूढ़ापाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी घर. लस टोचण्यात हात इतका हलका की पोर रडायच्या आत काम संपलेलं असायचं. ते मान्य. पण माझ्यासमोर आले की त्याच हाताला कापरं भरायचं. आणि कापरं दिसू नये म्हणून ते वहीत लिहायचे. मोठी माणसं घाबरली की विचारत नाहीत, लिहून घेतात.

शिकवायला देवदत्त सर होते. पुण्याकडचे, कामाचे, जरा भरभर बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी फॉर्म उघडून दाखवला. खाने, म्हणजे आकडे भरायच्या चौकटी, लाल होते, काही भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. सर म्हणाले, "अभी डेमो है, जहाँ लाल दिखे वहाँ ज़ीरो डाल दीजिए. असली वाला परसों समझाऊँगा."

काकांनी वहीत लिहिलं: पायरी सात, लाल दिसलं की शून्य टाकणे. तेवढ्यात चहा आला. वाक्याचा दुसरा अर्धा भाग वहीत शिरलाच नाही.

आणि परवा उजाडलाच नाही. प्रमाणपत्रं वाटणारे साहेब तिसऱ्या दिवशी मोकळे नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर समारोप उरकला. सभागृहात एकालाही वाईट वाटलं नाही. उलट टाळ्या जोरात पडल्या, कारण तिथून शहरात यायला बस मिळत नाही आणि आता लवकर घरी पोचता येणार होतं. देवदत्त सर म्हणाले, उरलेलं मेल करतो. मेल होता कुणाकडे? चाळिसांतल्या अडतीस जणांचा मेल त्यांच्या नातवंडांना माहीत.

प्रमाणपत्रावर मात्र तीनही दिवस पूर्ण झाले. काकांनी ते लॅमिनेट करून केंद्राच्या भिंतीवर लावलं. तिथं आधीच एकवीस होती. हे बाविसावं.

मग माझा संसार सुरू झाला. म्हणजे कपाट. तुटला तर जबाबदार कोण, या एका प्रश्नावर माझं आयुष्य ठरलं. पडद्यावरचं कारखान्याचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. दसऱ्याला बाहेर काढलं, हळदीकुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं, परत आत. कुंकवाचा एक कण माझ्या चार्जिंगच्या भोकात दीड महिना अडकून होता.

बाकी दर शनिवारी अकरा वाजता काका हात धुवायचे, चष्मा पुसायचे, वही उघडायचे आणि मला पाटावरच्या मूर्तीसारखं टेबलावर मांडायचे. पायरी एक, पायरी दोन, असं करत पायरी सातपर्यंत. ताप, लाल, शून्य. जुलाब, लाल, शून्य. कावीळ, लाल, शून्य. खाने एकेक करून हिरवे व्हायचे आणि काकांचा श्वास मोकळा व्हायचा. लाल म्हणजे आपली चूक आणि हिरवं म्हणजे चूक दुरुस्त झाली, असा त्यांचा समज.

तुम्ही म्हणाल, माणूस खोटारडा. नाही. खोटारडा असता तर मी इतका चिडलो नसतो. खरे आकडे ते रजिस्टरात लिहायचे. लांब, जाड, कापडी पाठीचं रजिस्टर. नाव, वय, गल्ली, लक्षणं, मोत्यासारखं अक्षर. पूर्वी दर महिन्याला त्याची नक्कल वरच्या कार्यालयात जायची. मी आल्यापासून ती बंद झाली, हे कुणी त्यांना नीट सांगितलंच नाही. त्यांना वाटायचं, टॅब साहेबांच्या हौसेसाठी आणि रजिस्टर खऱ्या कामासाठी. वर बसलेल्यांना वाटायचं, टॅब खरा आणि रजिस्टर म्हाताऱ्याची सवय. दोघंही आपापल्या जागी निश्चिंत.

एक ज्ञानदा सोडून. ती इथली नर्स, चोविशीची, कॉन्ट्रॅक्टवर. गल्लोगल्ली फिरणारी तीच, रुग्णांची नावं चिठ्ठीवर आणून देणारी तीच. फोन असा चालवते की बोटं दिसत नाहीत. तिला प्रशिक्षणाला का पाठवलं नाही? कॉन्ट्रॅक्टवाले उद्या निघून जातील, त्यांना शिकवून काय फायदा. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि बोलणाऱ्याच्या निवृत्तीला तेव्हा जेमतेम दोन वर्षं उरली होती.

एप्रिलमध्ये आमच्या भागातल्या बावली गलीत कावीळ सुरू झाली. नळाची लाइन तिथं नालीतून जाते. पाण्याला वास यायला लागला होता. एका आठवड्यात ज्ञानदानं अकरा चिठ्ठ्या आणल्या. काकांनी अकरा नावं सुंदर अक्षरात रजिस्टरात उतरवली, डॉक्टरांची सही घेतली. डॉक्टर तीन केंद्रांत मिळून एक, सही करताना खाली बघायला त्यांना वेळ नसतो. मग काकांनी मला बाहेर काढलं. कावीळ, लाल, शून्य.

एका गल्लीतून आठवड्यात पाचाच्या वर कावीळ गेली की वर आपोआप घंटा वाजते आणि पाण्याचे नमुने घ्यायला माणसं निघतात. हे मला माहीत आहे, माझ्यात भरलेलंच आहे. माणसांना ते तिसऱ्या दिवशी सांगायचं होतं.

ज्ञानदा त्या दिवशी मागे उभी होती. तिनं पहिल्यांदाच माझा पडदा नीट पाहिला.

"काका, झिरो काहून टाकून राहिले तुम्ही? आपल्याकडे अकरा आहेत नं."

"अकरा रजिस्टरात टाकले नं मी. इथं लाल आलं की झिरोच टाका लागते."

"असं कोणी सांगतलं?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं, मग भिंतीवरच्या बाविसाव्या कागदाकडे बोट केलं. "पोट्टी, ट्रेनिंगले तू गेलती का मी गेलतो?"

पोरांना गप्प बसवण्याची ही तुमची खास पद्धत. तुम्ही कधी, कुठं, किती शिकलात ते विचारायची सोयच ठेवत नाही.

आता श्रावणीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यासाठी आहे. पंचविशीची, बावली गलीतली माहेरवाशीण. पहिल्या बाळंतपणाला आली होती, सातवा महिना. तपासणीला आली की माझ्या कपाटाला टेकलेल्या बाकावर बसायची. घरी मराठी समजायची, पण उत्तरं हिंदीत द्यायची. काका तिला दर वेळी एकच गोष्ट सांगायचे, की तुले पहिलं इंजेक्शन मीच दिलं होतं, तू माझ्या बोटाले चावली होती. ती हसून म्हणायची, काका, हर बार वही सुनाते हो, अब तो दाँत का निशान भी मिट गया होगा. त्यावर काका खरंच बोट पुढे करून दाखवायचे.

त्या आठवड्यात ती म्हणाली, "दीदी, नल में बास आ रही है. मम्मी बोलती है गरमी में ऐसा ही रहता है."

ब्लडप्रेशर मोजणारा ज्ञानदाचा हात तिथंच थांबला. गरोदरपणात कावीळ झाली तर काय होतं ते तिला नर्सिंगच्या वर्गात शिकवलं होतं, पूर्ण वर्ग, शेवटच्या दिवसापर्यंत. तिनं श्रावणीला पाणी उकळून प्यायला सांगितलं, क्लोरीनच्या गोळ्या दिल्या, गल्लीभर वाटल्या. आणि दुपारी पाण्याच्या कार्यालयात फोन लावला. तिकडचा माणूस सभ्य होता. त्यानं पोर्टल उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मैडम, आपके वार्ड का तो ज़ीरो दिखा रहा है. ज़ीरो पे टीम कैसे भेजूँ?"

ते शून्य माझ्या पोटातून गेलं होतं. ऐकताना मला काय वाटलं ते विचारू नका.

पुढच्या शुक्रवारी काका भाच्याच्या लग्नाला दुर्ग शहरात गेले. किल्ली लसीच्या डब्याखाली असते, सगळ्यांना ठाऊक. ज्ञानदानं कपाट उघडलं आणि मला मांडीवर घेतलं. पहिल्यांदा कुणीतरी मला न घाबरता धरलं होतं. तिला अर्ध्या तासात सगळं उमगलं. रजिस्टर शेजारी उघडं ठेवून ती भरत गेली. ताप, नऊ. जुलाब, चौदा. कावीळ, सतरा. पहिल्यांदा माझ्या आत काही खरं उतरत होतं. मग तिनं 'पाठवा' हे बटण दाबलं, आणि मी ओटीपी मागितला. मला तसंच बनवलंय, माझं चालत नाही. ओटीपी गेला काकांच्या फोनवर, कारण सगळं खातं त्यांच्या नावावर.

तिनं फोन लावला. मागे बँडचा आवाज.

"काका, तुमच्या फोनवर सहा आकडे आले असतील. सांगा नं लवकर."

"कोण बोलून राहिली?"

"मी ज्ञानदा, काका."

"आवाज तं ज्ञानदाचाच हाय. पण बाई, ओटीपी कोणालेच सांगायचा नसते. बँकेनं सांगतलं हाय. आजकाल आवाज बी चोरतात."

तिनं विनवलं. श्रावणीचं नाव घेतलं. तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली, घरच्यांची नावं घेऊनच फसवतात म्हणे. फोन बंद झाला. दहा मिनिटांनी माझा पडदा आपोआप कोरा झाला. सतरा पुसले गेले. ज्ञानदानं मला परत फळीवर ठेवलं, दार लावलं, आणि कपाटाला डोकं टेकवून उभी राहिली. पत्र्यातून मला तिचा श्वास लागत होता.

शनिवारी काका आले, हात धुतले, वही उघडली. ओटीपीवरून दोघांचं वाजलं. तिनं सतरा जणांचं सांगून पाहिलं, काकांनी पुन्हा वहीतल्या पायरी सातवर बोट ठेवलं. अकरा खाने, अकरा शून्यं, सगळं हिरवं.

त्यानंतर नवव्या दिवशी श्रावणी आली ती बाकावर बसू शकली नाही. डोळे पिवळे. उकळलेलं पाणीच पीत होती म्हणाली. पण भाजी कशानं धुतली, दात कशानं घासले, चूळ कशानं भरली, ते कोण बघतं. नळ तर तोच होता. ज्ञानदा तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. श्रावणी चौथ्या दिवशी.

मी हे सजवून सांगणार नाही. तीन आठवडे होते. पहिल्या शनिवारी अकरा आकडा गेला असता तर नमुने घेतले असते, लाइन बंद झाली असती, टँकर आला असता. कदाचित तरीही ती वाचली नसती. पण तो 'कदाचित' तिचा हक्काचा होता, आणि तो आपण सगळ्यांनी मिळून हिरवा करून टाकला.

काका तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते सरळ कपाटाकडे. मला वाटलं माझ्यासाठी. पण त्यांनी खालच्या फळीवरून पंचवीस वर्षांपूर्वीचं लसीकरणाचं रजिस्टर काढलं. पान शोधलं. श्रावणी, नऊ महिने, पहिला डोस, आणि कडेला त्यांनीच कधीतरी लिहिलेलं: चावते. त्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि किती तरी वेळ उचललं नाही.

शनिवारी अकरा वाजता त्यांनी स्टूल ओढलं. "ये. तू बस इथं. मले नाही येत हे."

बासष्टाव्या वर्षी, बावीस प्रमाणपत्रांखाली बसून, तो माणूस हे पहिल्यांदा बोलला. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, आणि दया आल्याचा परत राग आला. हे वाक्य दोन वर्षांपूर्वी सभागृहात बोलले असते तर?

ज्ञानदानं भरलं. कावीळ, तेवीस. मग तो खाना आला, माता मृत्यू. लाल. तिचं बोट हवेत थांबलं. काकांनी हात पुढे केला. कापत होता, पण लपवला नाही. त्यांनी स्वतः एकचा आकडा दाबला.

आणि मी काय केलं? मी शंका घेतली. दोन वर्षं शून्यं आली ती मी निमूट गिळली होती, एकाही शून्याला विचारलं नाही. आता खरे आकडे आले तर पडद्यावर इशारा उमटला: हे आकडे नेहमीपेक्षा वेगळे आहेत, पुन्हा तपासा, कारण लिहा. मला असंच घडवलंय. ज्ञानदानं कारण लिहिलं. ओटीपी आला. काकांनी फोन लांब धरला आणि सहाही आकडे मोठ्यानं वाचले, एकेक, सावकाश, कोर्टात साक्ष द्यावी तसे.

फॉर्म गेला. खाना हिरवा झाला नाही, लालही राहिला नाही. पिवळा झाला. बावली गलीतल्या डोळ्यांसारखा. त्यावर अक्षरं: वरच्या पातळीवर पडताळणीसाठी प्रलंबित. म्हणजे पडताळणी होईपर्यंत वर घंटा वाजणार नाही.

वरच्या पातळीवर जे बसतात ते टॅब नंबर चारचे मालक. सभागृहात आमच्याच रांगेत होते. काकांनी फोन केला तर ते म्हणाले, भैया, पीला तो हमारे पास कभी आया ही नहीं, सब हरा ही आता है. पुढे कसं पाठवायचं ते त्यांना ठाऊक नाही. मग देवदत्त सरांचा नंबर शोधला. सर आता दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कामावर. इथला प्रकल्प संपला, त्यांचं खातंही बंद झालं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग हळूच म्हणाले, "काका, तो भाग तिसऱ्या दिवशी होता."

काका फोन ठेवायलाही विसरले.

फॉर्म जाऊन आज एकोणीस दिवस झाले. आकडा पिवळाच आहे. ज्ञानदा अर्ज घेऊन पाण्याच्या कार्यालयात दोनदा जाऊन आली. अर्ज जमा झाला, पोहोच मिळाली. रजिस्टरात बावली गलीतल्या गरोदर बायकांची सहा नावं आहेत. सहाही जणी त्याच नळाचं पाणी भरतात. रोज सकाळी ज्ञानदा त्यांच्या डोळ्यांच्या कडा बघून येते आणि काका दारात उभे राहून तिच्या चेहऱ्याकडे बघतात.

तीस जूनला काका निवृत्त होतात. त्याच दिवशी ज्ञानदाचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. नवं होईल का, कुणी सांगत नाही. म्हणजे या इमारतीत मला वाचू शकणारं एकच माणूस आणि आपली चूक कळलेलं एकच माणूस, दोघंही एकाच दुपारी हा उंबरा ओलांडतील. मग कुणीतरी नवं येईल, कपाट उघडेल, मी सापडेन आणि माझ्याशेजारी ती वही सापडेल.

ती वही मला टेकूनच ठेवलेली आहे. पायरी सात काकांनी लाल पेनानं खोडली आहे, इतकी जोरात की कागद फाटलाय. तिच्याखाली नवी ओळ लिहायला घेतली होती. पायरी सात, असं लिहिलं, पुढे रेघ ओढली आणि थांबले. पुढे काय लिहायचं ते त्यांना माहीत नाही. ज्ञानदालाही पुरतं नाही. ती जागा त्यांनी रिकामी ठेवली आहे. आयुष्यात पहिल्यांदा, शून्य न टाकता.

मोठ्या माणसांनो, मला हळदीकुंकू नको. प्लॅस्टिक काढा आणि मला त्या पोरीच्या हातात द्या. आणि तुमच्यापैकी ज्याला कुणाला तिसऱ्या दिवसाचं माहीत असेल, त्यानं बस मिळाली नाही तर चालत यावं. पण तीस जूनच्या आत. सहा जणी आहेत. ती ओळ रिकामी आहे.